हुरहूर खरी, कारण तपासून घे

प्रिय,

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा नुसतं वाचलं, तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचलं. इतकी वर्षं शिकवण्यात गेली, त्यामुळे मनापासून वाचायचं म्हटलं की हात पेन्सिलीकडे जातोच.

तू विचारलंस, नवी नोकरी सोडून जुन्या ठिकाणी परत जाऊ का? काम वाईट नाही, माणसंही वाईट नाहीत. पण संध्याकाळ झाली की ती जुनी खोली डोळ्यांपुढे उभी राहते. तेव्हाची पुस्तकं उघडावीशी वाटतात आणि उघडली की जीव कासावीस होतो. घरचे म्हणतात, मागचं उगाळत बसू नकोस. हा दुबळेपणा आहे का, असंही शेवटी विचारलंस.

दुबळेपणा मुळीच नाही. १६८८ साली बासेलमध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या तरुण विद्यार्थ्याने या अवस्थेवर प्रबंध लिहिला. घरापासून दूर गेलेली माणसं झुरतात, हा त्याने आजारच मानला. 'परतणं' आणि 'वेदना' या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने त्याला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिलं. मराठीत आपण स्मरणरंजन म्हणतो. रंजन म्हटलं की आपल्याला करमणूक आठवते, पण मूळ धातूचा अर्थ रंगवणं असा आहे. तो अर्थ मला फार नेमका वाटतो. आठवण काढताना आपण तिला रंगात बुडवून वर काढतो, आणि आपल्या हाताला लागलेला रंग आपल्यालाच दिसत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात सापडतं. अंगठी हरवली आहे, शापामुळे दुष्यंत शकुंतलेला पार विसरला आहे. राजवाड्यात कुठेतरी हंसपदिका गाते आहे. ते गाणं कानावर पडतं आणि राजा अस्वस्थ होतो. जवळच्या कुणाचाही विरह नाही, मग ही हुरहूर कसली? तो स्वतःची समजूत घालतो: सुंदर काही पाहिलं, गोड काही ऐकलं की सुखी माणूससुद्धा पर्युत्सुक, म्हणजे व्याकूळ होतो, कारण मागच्या जन्मातली कुठली तरी मैत्री नकळत मनात जागी होत असावी.

किती देखणं स्पष्टीकरण! आणि किती चुकीचं. त्याला जे आठवत नव्हतं ते मागच्या जन्मातलं नव्हतंच, याच जन्मातलं होतं. थोड्याच वेळात शकुंतला त्याच्यासमोर येऊन उभी राहते आणि तो तिला ओळखत नाही. मी हा अंक वर्षानुवर्षं शिकवला. त्या श्लोकावर मुलांनी माना डोलवाव्यात एवढीच माझी धडपड असायची. त्याखाली कालिदासाने काय ठेवलं आहे ते मला खूप उशिरा दिसलं. दुष्यंताची हुरहूर शंभर टक्के खरी आहे. तिचं त्याने सांगितलेलं कारण तेवढं खोटं आहे.

तुलाही मी हेच सांगते आहे. हुरहुरीवर विश्वास ठेव. ती कशाची आहे हे सांगणाऱ्या मनावर मात्र एकदम विश्वास ठेवू नकोस.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते. एका कादंबरीतलं एक वाक्य मी वीस वर्षं मनात बाळगलं होतं. एका छत्रीत दोघं चालली की दोघंही अर्धी भिजतात, आणि तक्रार कुणीच करत नाही, अशा अर्थाचं. डावीकडचं पान, खालचा भाग, हेसुद्धा मला 'दिसत' होतं. वर्गात मी ते कितीदा सांगितलं असेल! त्या वाक्याची आठवण आली की वाटायचं, ते वाचनाचे दिवस गेले, आता तसं वाचणं होत नाही. एकदा ते शोधायला म्हणून कादंबरी पहिल्या पानापासून वाचली. नव्हतं. परत वाचली, डावीकडची पानं तर बोट ठेवून वाचली. नव्हतंच.

सापडल्या त्या पेन्सिलीच्या रेघा. माझ्या नव्हेत. माझी रेघ वेडीवाकडी, अक्षरांना धडकत जाणारी. या रेघा पट्टी लावून ओढलेल्या, बारीक, वाक्य संपतं तिथे अचूक थांबणाऱ्या. माझी एक मैत्रीण अशी पट्टी घेऊन वाचायला बसायची. पुस्तक तिने मला परत दिलं तेव्हा बाहेर पाऊस होता. छत्रीचं ते वाक्य तिचं होतं, दारात उभं राहून सहज बोललेलं. पुढे आमचं बिनसलं, बोलणं थांबलं. माणूस मनातून काढून टाकलं आणि वाक्य तेवढं पुस्तकात नेऊन ठेवलं. वीस वर्षं मी वाचनाच्या दिवसांसाठी झुरत होते असं मला वाटत होतं. झुरत होते तिच्यासाठी.

मन असं करतं हे फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने १९३२च्या पुस्तकात दाखवून दिलं आहे. त्याने केंब्रिजमध्ये लोकांना एक परकी लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने आठवून लिहायला सांगितलं. कथेतले चमत्कारिक वाटणारे भाग गळाले, अनोळखी गोष्टींच्या जागी ओळखीच्या आल्या आणि गोष्ट ज्याच्या त्याच्या समजुतीत बसेल अशी झाली. यात कुणी खोटं बोलत नव्हतं. आठवणं म्हणजे दर वेळी नव्याने रचणं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून आठवण किती स्पष्ट आहे यावरून ती किती खरी हे ठरवू नकोस. माझं ते डावं पान अगदी लख्ख होतं.

मी तिला पत्र लिहिलं. बऱ्याच दिवसांनी चार ओळींचं उत्तर आलं. छत्रीचं तिला काहीही आठवत नव्हतं. तिला आठवत होतं ते वेगळंच: तिचं एक पुस्तक मी मुखपृष्ठ फाटलेल्या अवस्थेत परत केलं होतं आणि त्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. मला ते आजही आठवत नाही. तरी मी माफी मागितली, कारण ते मी केलं असणार असं मला आतून वाटलं. आता आम्ही लिहितो एकमेकींना, फार नाही, पण लिहितो.

तर तुझी खोली. नोकरीचा राजीनामा लिहिण्याआधी ती खोली कागदावर उतरव. सुंदर लिहू नकोस, बारीक लिही. खिडकी कुठल्या बाजूला होती, दिवा कुठे होता, आत कोण कोण होतं, त्या दिवसांत तुला कसली काळजी लागलेली असायची. काळजी नक्की असेल. रंगात बुडवताना ती पहिल्यांदा पुसली जाते. मग तेव्हाचं एखादं पुस्तक घे आणि तेव्हा कुठे खूण केली होती ते बघ. खुणेच्या वरचं आणि खालचं वाक्यही वाच. खूण का केली होती ते आठवलं नाही तरी चालेल, पण तेव्हा काय नजरेतून सुटलं होतं ते आज दिसेल. एवढं करूनही परत जावंसं वाटलं तर खुशाल जा. मी अडवणार नाही, आणि घरच्यांशी बोलायला लागलं तर तेही करीन.

आता पेन्सिलीच्या खुणांबद्दल. तुझ्या पत्रात त्या खोलीवर दोन पानं आहेत. भिंती आहेत, उजेड आहे, पुस्तकांचे ढीग आहेत. त्यात एक व्यक्ती तीनदा येते. नाव एकदाही येत नाही, आणि तिन्ही वेळा वाक्य अर्धवट सोडून तू तीन टिंबं दिली आहेस. मी त्या तिन्ही जागांखाली रेघ ओढून ठेवली आहे. त्यातलं एक तरी वाक्य पुरं करून पाठव.

तुझी,
बाई