आधी ‘डेअरडेव्हिल’ बघ, मग मत बनव

सुपरहिरो मालिकांतली हिंसा नीट समजून घ्यायची असेल तर सुरुवात २०१५च्या ‘डेअरडेव्हिल’पासून कर. रक्त किती सांडलं हे मोजत बसू नकोस. नवखे सगळे तिथेच अडकतात, मीही अडकलो होतो.

पहिल्या सीझनच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी एका कॉरिडॉरमधली मारामारी आहे. पळवून नेलेल्या मुलाला सोडवायला मॅट (हाच डेअरडेव्हिल) एकटा आत शिरतो. कॅमेरा बराच वेळ बाहेरच थांबतो, खोल्यांत काय चाललंय ते नुसतं ऐकू येतं. (मध्येच आतून एक मायक्रोवेव्ह उडत येतो, तेवढंच काय ते हसू!) मॅट धापा टाकतो, भिंतीला टेकतो, पडलेले गुंड पुन्हा उठतात. इथे मारणाऱ्यालाही किंमत मोजावी लागते. चौथ्या भागात खलनायक फिस्क गाडीच्या दाराने जे करतो, त्याच्याशी हे ताडून बघ.

मग दुसऱ्या सीझनचा तिसरा भाग, गच्चीवरचा. गुन्हेगारांना थेट ठार मारणारा पनिशर मॅटला साखळीने बांधतो, हाताला पिस्तूल चिकटवतो: मला मार, नाहीतर मी पकडलेला हा गुन्हेगार मरेल. मॅट दिवसा वकील, त्यात कॅथलिक. जीव घ्यायचा नाही हा त्याचा नियम. पण हाडं मोडलेली चालतात का, हे त्याला कोण विचारणार? पनिशरचा युक्तिवाद तुला पटला तर घाबरू नकोस. तो पटावा असाच लिहिलाय. कुठल्या वाक्याला पटला, तेवढं मात्र वहीत टिपून ठेव.

आणि घरात लहान मुलं असतील तर हेडफोन लाव.