डॅनियल ओ'डॉनेल कोण आहे? कंट्री संगीत अमेरिकेचं असूनही आयर्लंडमध्ये त्याचं एवढं प्रस्थ कसं?

तुम्ही लिहिलंय की आयर्लंडमध्ये फिरताना जागोजागी या माणसाच्या सीडी आणि कॅलेंडरं दिसली, पण त्याच्याबद्दल आधी कधी काही ऐकलं नव्हतं. मी इथे आयर्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात काम करते. त्याच्या आवाजाशिवाय आमचा दिवस जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डॅनियल हा आयरिश कंट्री गायक. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातलं लोकप्रिय संगीत. त्याचा जन्म 12 डिसेंबर 1961 चा. गाव किंकास्ला, आयर्लंडच्या वायव्य टोकाला, डॉनेगल परगण्यात. खडकाळ किनारा, शेती जेमतेम, त्यामुळे पुरुषांनी स्कॉटलंडला मजुरीला जायचं हे ठरलेलंच. डॅनियलचे वडीलही तिकडे शेतांवर राबायचे. तो सहा वर्षांचा असताना ते हृदयविकाराने गेले आणि आई ज्युलियाने पाच मुलं वाढवली. घर सोडून गेलेला माणूस, वाट बघणारी आई, मागे राहिलेला किनारा हे त्याच्या गाण्यांचे विषय त्याला कुठून उसने आणावे लागले नाहीत.

आता तुमचा दुसरा प्रश्न. अमेरिकन कंट्री संगीतात आयरिश आणि स्कॉटिश स्थलांतरितांनी नेलेल्या चाली मुरलेल्या आहेत, त्यामुळे ते परत आलं तेव्हा इथल्या लोकांना परकं वाटलं नाही. आपल्याकडे गोव्यातल्या आणि मुंबईतल्या ख्रिस्ती घरांत ज्याच्या रेकॉर्ड वाजायच्या, तो अमेरिकन कंट्री गायक जिम रीव्हज 1963 मध्ये आयर्लंडच्या डान्स हॉलमध्ये गाऊन गेला होता. पुढे बिग टॉमसारख्या आयरिश गायकांनी गावोगावच्या हॉलमध्ये हे संगीत घट्ट रुजवलं. इथे ते बसून ऐकायचं नसतं, जोडीने नाचायचं असतं. म्हणून वॉल्ट्झ या जोडीच्या नाचाचा संथ ताल आणि शब्द स्पष्ट ऐकू येतील असं गाणं.

डॅनियलची थोरली बहीण मार्गो तो शाळेत असतानाच नावाजलेली गायिका होती. तो शिक्षक होण्यासाठी गॉलवेला गेला, पण मन रमेना. शिक्षण सोडून 1981 च्या सुमारास तो तिच्या बँडमध्ये आला. तिथेही त्याला स्वतःची अशी जागा मिळेना. मग फेब्रुवारी 1983 मध्ये त्याने पदरचे 1200 पौंड घालून 'माय डॉनेगल शोअर' हे गाणं रेकॉर्ड केलं आणि कार्यक्रमांना जाऊन स्वतःच त्या रेकॉर्ड विकल्या. मला त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. कुठल्या कंपनीने त्याला शोधून काढलं नाही. ऐकणारा समोर उभा, त्याच्या हातात रेकॉर्ड द्यायची आणि दोन शब्द बोलायचे, ही सवय त्याने पुढेही सोडली नाही.

नंतर रिट्झ या कंपनीने त्याचे अल्बम काढले. 1992 मध्ये 'आय जस्ट वॉन्ट टू डान्स विथ यू' ब्रिटनच्या पहिल्या वीस गाण्यांत पोचलं. हेच गाणं सहा वर्षांनी अमेरिकेत तिथला कंट्री गायक जॉर्ज स्ट्रेटने गाजवलं. 1988 पासून तीस वर्षांहून जास्त काळ, दरवर्षी त्याचा एक तरी नवा अल्बम ब्रिटनच्या सर्वाधिक खपाच्या यादीत येत राहिला. मोठमोठ्या रॉक गायकांना हे जमलेलं नाही.

समीक्षकांनी त्याची वर्षानुवर्षं टर उडवली. गुळगुळीत स्वेटर, गोड हसू, म्हाताऱ्या बायकांचा लाडका, वगैरे. मला ती टीका अन्यायाची वाटते, कारण ती करणारे त्याच्या श्रोत्यांकडे बघतच नाहीत. कार्यक्रम संपल्यावर तो तासन् तास थांबायचा आणि रांगेतल्या प्रत्येकाला भेटायचा. किंकास्लाच्या घरी तो दरवर्षी चाहत्यांना चहाला बोलवायचा आणि हजारो लोक यायचे. आमच्याकडच्या एक आजी अशाच रांगेत उभ्या राहिल्या होत्या. आज त्यांना मुलीचं नाव पटकन आठवत नाही, पण दुपारच्या चहाला सीडी लावली की बोटांनी खुर्चीच्या हातावर ताल धरतात आणि कडवं शेवटपर्यंत बरोबर म्हणतात. मी हे रोज बघते.

बाकी थोडक्यात: 2002 मध्ये ब्रिटनचा मानद एमबीई किताब मिळाला, त्याच वर्षी माजेलाशी लग्न झालं. रोमानियातल्या अनाथ मुलांसाठी त्याने निधी उभा केला. आई 2014 मध्ये गेली. पुढच्या वर्षी तो बीबीसीच्या नृत्यस्पर्धेत उतरला, पण लवकर बाहेर पडला. बायकोबरोबर आयर्लंडभरच्या छोट्या निवासांत मुक्काम करण्याचा त्याचा टीव्ही कार्यक्रमही लोकांनी आवडीने पाहिला.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर स्टुडिओतल्या अल्बमऐवजी प्रेक्षकांसमोरच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ बघा, गाण्यांच्या मध्ये तो लोकांशी कसा बोलतो ते कळेल. आणि मार्गोची जुनी गाणी अजिबात सोडू नका. माझ्या मते आवाजातला दर्द तिच्याकडे जास्त आहे.