‘आवर झू’ पाहिलेल्यांचे प्रश्न आणि आमची उत्तरे

बीबीसीची ‘आवर झू’ ही सहा भागांची मालिका २०१४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा दाखवली गेली. पहिल्या महायुद्धातून जखमी होऊन परतलेला जॉर्ज मॉटर्सहेड, पत्नी लिझी, मुली म्युरिएल आणि ज्यून आणि आईवडील असे सगळे कुटुंब घरदार पणाला लावून इंग्लंडमधल्या चेस्टर शहराजवळ प्राणिसंग्रहालय उभे करते, त्याची ही गोष्ट. ती आवडल्याचे आणि डोळ्यांतून पाणी आल्याचे बहुतेक पत्रांत आहेच. त्यापुढे जाऊन विचारलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

मालिकेत खरे किती आणि रचलेले किती?

सांगाडा खरा आहे. जॉर्ज मॉटर्सहेड यांचा जन्म १८९४ चा. लहानपणी त्यांनी मँचेस्टरच्या बेल व्ह्यू प्राणिसंग्रहालयात साखळदंडाने जखडलेला हत्ती पाहिला आणि आपल्या संग्रहालयाला गज नसतील असे ठरवून टाकले. १९१६ च्या फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ते गंभीर जखमी झाले, काही वर्षे चाकाच्या खुर्चीत काढली आणि मग जिद्दीने चालू लागले. १९३० मध्ये त्यांनी चेस्टरलगतच्या अपटन गावातले ओकफिल्ड हे मोठे घर आणि भोवतालची जमीन ३,५०० पौंडांना घेतली. १० जून १९३१ ला दारे उघडली.

बदलले आहे ते तपशिलात. वडील अल्बर्ट प्रत्यक्षात बागायतदार होते. दूरदेशाहून मागवलेल्या रोपांबरोबर नकळत आलेले सरडे आणि किडे सांभाळण्यातून जॉर्जचा नाद सुरू झाला. हा धागा मालिकेला आणखी वापरता आला असता असे आम्हाला वाटते. ओकफिल्डला राहायला आले तेव्हा ज्यून अवघी चार वर्षांची होती, पडद्यावर ती बरीच मोठी आहे. लेडी कॅथरीन आणि रेव्हरंड वेब ही लेखकांनी घडवलेली पात्रे. गावातला पाठिंबा आणि विरोध यांना चेहरे हवेत म्हणून ती आली, आणि नाट्य म्हणून ती चालतातही.

गावकरी इतके दुष्ट का दाखवले? त्यांचे म्हणणे अगदीच चूक होते का?

चूक नव्हते. वास, रात्रीची गुरगुर, पळून सुटणारे जनावर, रस्त्यावरची गर्दी: प्राणिसंग्रहालयाचा प्रस्ताव कुठेही आला की हेच चार आक्षेप येतात आणि चारही रास्त आहेत. १९३० मध्ये स्थानिक परिषदेने परवानगी नाकारली, वरच्या पातळीवर आरोग्य मंत्रालयाने तो निर्णय फिरवला. आजच्यासारखा प्राणिसंग्रहालयांचा कायदा तेव्हा नव्हता. तो १९८१ चा. त्यानुसार वर्षात सात किंवा अधिक दिवस लोकांना वन्यप्राणी दाखवणाऱ्या जागेला परवाना घ्यावा लागतो आणि तपासण्यांना सामोरे जावे लागते. १९३० मध्ये लोकांनी केवळ एका माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा होता. मालिका बघताना हे लक्षात ठेवले तर विरोधकांचे प्रसंग जास्त भिडतात.

वासाचे उत्तर व्यवस्थेत असते. शेण आणि ओला पेंढा रोज उचलायचा, खताचा ढीग वस्तीच्या दिशेने वारा वाहतो त्या बाजूला ठेवायचा नाही, मांसाहारी प्राण्यांची विष्ठा आणि उरलेली हाडे वेगळ्या बंद डब्यात घालायची. फरशीला मोरीकडे उतार हवा. उतार चुकला तर धुतलेले पाणी कोपऱ्यात साचते, आणि खरी दुर्गंधी तिथून सुटते.

गज नाहीत, तर सिंह बाहेर का येत नाही? मालिका संपली तरी हे डोक्यातून गेले नाही.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक दुरुस्ती. १९३१ ला दारे उघडली त्या दिवशी बिनगजांचे सिंहघर तयार नव्हते. सुरुवातीचे प्राणी अंगणातल्या साध्या आडोशांत होते. त्यानंतर गजांच्या जागी तारेची जाळी आली, खंदक आले. गजांशिवायचा सिंहांचा आवार पूर्ण व्हायला १९४७ उजाडले, मध्ये अख्खे दुसरे महायुद्ध गेले. युद्ध संपल्यावर रणगाडे अडवण्यासाठी ओतलेले काँक्रीटचे ठोकळेही जॉर्जनी बांधकामाला वापरले. मालिकेतले स्वप्न खरे व्हायला सोळा वर्षे लागली, आणि या माणसाची थोरवी आम्हाला त्या सोळा वर्षांत दिसते.

खंदकाची कल्पना त्यांची स्वतःची नव्हती. जर्मनीतल्या कार्ल हागेनबेक यांनी अशा देखाव्याचे पेटंट १८९६ मध्ये घेतले आणि १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगन इथे असे संग्रहालय उघडले. एकामागे एक आवार, मागचा पुढच्यापेक्षा थोडा उंच आणि मध्ये खंदक. पाहणाऱ्याच्या नजरेच्या रेषेत खंदक येतच नाही, त्यामुळे हरिण आणि सिंह एकाच माळावर उभे असल्याचा भास होतो.

बांधकामात क्रम असा. कोणते जनावर ठेवायचे ते आधी ठरवायचे आणि त्याची लांब उडी व उंच उडी दोन्ही वेगवेगळ्या धरायच्या. रुंदी लांब उडीवरून ठरते, बाहेरच्या भिंतीची उंची उंच उडीवरून. नवखे लोक रुंदीवर सगळा भर देतात. पण जनावर खंदकात उतरले की रुंदीचा उपयोग संपतो, उरते ती फक्त भिंत. २००७ च्या नाताळात सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयातून वाघीण बाहेर आली आणि एका तरुणाचा जीव गेला. तिथला खंदक सुमारे १० मीटर रुंद होता, भिंत मात्र ३.८ मीटर. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालय संघटनेची शिफारस ५ मीटरची होती.

खंदकाची आतली बाजू उतरती ठेवायची, म्हणजे घसरून पडलेले जनावर चालत परत वर जाईल. बाहेरची बाजू सरळ उभी, गुळगुळीत, नखाला पकड न देणारी. दगडी सांधे उघडे राहिले तर त्याच पायऱ्या होतात. तळाला मोरी आणि तिच्यावर जाळी. शरद ऋतूत पानांनी ही जाळी तुंबते, पाऊस साचतो आणि कोरडा खंदक तळे होतो. वाघ उत्तम पोहतो. दीड मीटर पाणी साचले की पाच मीटरची भिंत त्याच्यासाठी साडेतीन मीटरची झाली! म्हणून पानगळीत मोरी रोज पाहावी लागते. तीच गोष्ट झाडांची: लावताना लांब असलेली फांदी काही वर्षांत खंदकावर येते. वादळानंतर सकाळी प्राणी बाहेर सोडण्याआधी कुंपणाची पूर्ण फेरी मारायची, ती यासाठी.

चिंपांझींसाठी चेस्टरने १९५६ मध्ये बेटे केली. माणसे आणि चिंपांझी यांच्यामध्ये फक्त बारा फूट, म्हणजे साधारण ३.६ मीटर पाणी. चिंपांझी पोहतात की नाही हे तेव्हा कोणालाच ठामपणे माहीत नव्हते. त्यांना पोहता येत नाही. शरीर घट्ट, चरबी कमी, त्यामुळे ते बुडतात. म्हणूनच पाण्याचा खंदक त्यांच्यासाठी घातकही ठरतो. भांडणात ढकलला गेलेला किंवा घाबरून पळालेला चिंपांझी पाण्यात पडला तर काठाशी उथळ पायरी आणि पाण्याखाली पकडायला दोर किंवा जाळी हवी. हे नसलेल्या खंदकांत चिंपांझी बुडून मेले आहेत. आणि कडाक्याच्या थंडीत पाणी गोठले की बेट हे बेट राहत नाही, तेव्हा त्यांना आतच ठेवायचे.

बाहेरचा आवार हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा मागे असतो: रात्रीची कोठडी, सरकता दरवाजा आणि दोन दारांमधली छोटी खोली. दोन्ही दारे एकाच वेळी उघडी राहता कामा नयेत. आत शिरण्याआधी प्राणी मोजायचे, दरवाजा सरकवायचा, कुलूप लावायचे, ओढून पाहायचे, पुन्हा मोजायचे. आणि मुख्य जेवण संध्याकाळी आत द्यायचे. दिवसभर बाहेरच पोट भरले तर सिंह रात्री आत यायचा नाही.

माकड घरात वावरते ते प्रसंग मुलांना फार आवडले. आता त्यांना माकड पाळायचे आहे.

त्यांना नाही म्हणा, आणि कारणे सांगा. दक्षिण अमेरिकेतले स्क्विरल मंकी पाऊण ते एक किलोचे, पण कळपाने राहणारे जनावर. एकटे ठेवले की ते चावते, स्वतःचे केस उपटते. या माकडांना ड३ जीवनसत्त्व लागते. वनस्पतीतून मिळणारे ड२ त्यांना पुरेसे उपयोगी पडत नाही आणि खिडकीच्या काचेतून हवे ते अतिनील किरण आत येत नाहीत. परिणाम म्हणजे मऊ पडलेली, वाकणारी हाडे. नुसती फळे खायला घालणे ही दुसरी चूक. बाजारातल्या फळांत साखर जास्त आणि प्रथिने कमी, त्यांना किडे आणि खास बनवलेला आहार लागतो. आजार दोन्हीकडून जातात. माणसाच्या ओठावर उठणाऱ्या तापाच्या पुळ्यांचा विषाणू मार्मोसेटसारख्या छोट्या माकडांचा जीव घेऊ शकतो. पडद्यावरची मिठी गोड दिसते, पण त्या काळात अशी बहुतेक माकडे जहाजावरून, नीट आहार न मिळता येत. जॉर्जसारख्यांच्या हाती पडलेली नशीबवानच म्हणायची.

पेंग्विनला बादलीतून मासे टाकायचे, एवढेच ना?

बादलीच्या आधी बरेच काही आहे. गोठवून साठवलेल्या काही माशांतले एन्झाइम ब१ जीवनसत्त्व नष्ट करते. फक्त तेच मासे खाणाऱ्या पक्ष्याची मान वाकडी पडते, तोल जातो, झटके येतात. म्हणून किलोभर माशांमागे २५ ते ३० मिलिग्रॅम ब१ आणि सुमारे १०० युनिट ई जीवनसत्त्व देतात. गोळी माशाच्या कल्ल्यात खुपसून तो मासा ठरावीक पक्ष्याला हातानेच द्यायचा. मासा डोक्याकडून द्यायचा, नाहीतर खवले आणि पर घशात अडकतात. गोठलेले मासे शीतकपाटातच हळूहळू वितळवायचे आणि त्याच दिवशी संपवायचे. चार-पाच किलोच्या हम्बोल्ट पेंग्विनला दिवसाला अर्धा किलोच्या आसपास लागतात. पिसे झडायच्या आधी तो यापेक्षा बराच जास्त खातो आणि झडताना जवळपास खातच नाही. हे ठाऊक नसले तर आजारी समजून उगाच औषधोपचार सुरू होतात.

बुरशी लागलेला पेंढा घरट्याला कधीही घालू नये, तिचे कण फुप्फुसात जातात आणि पेंग्विन त्याने पटकन दगावतो. सिमेंटच्या सपाट जमिनीवर सतत उभे राहून तळपायाला गळू होते. गोट्यांची, उंचसखल जमीन आणि पोहायला पुरेसे पाणी हाच त्यावरचा उपाय.

इंग्लंडच्या थंडीत उंट कसा तगतो?

थंडीपेक्षा ओल जास्त बाधते. दोन मदारीचा उंट मध्य आशियातला, बर्फातही राहतो. एक मदारीच्याला जास्त जपावे लागते. दोघांनाही कोरडी, वारा अडवणारी, तीन बाजूंनी बंद शेड आणि जाड पेंढा हवा. मऊ गादीसारखे तळवे चिखलात घसरतात, पाय फाकून पडलेला मोठा उंट उठवणे महाकठीण. पाचशे किलोच्या उंटाला दिवसाला आठ ते दहा किलो वाळलेली वैरण पुरते. हिरव्यागार कुरणावर मोकळा सोडला तर तो लठ्ठ होतो. पाहुण्यांनी दिलेला पाव तर नकोच.

दुसरा भाग का आला नाही?

पहिल्या सहा भागांनंतर बीबीसीने मालिका पुढे नेली नाही. प्रेक्षकांनी ती चालू राहावी म्हणून सह्यांची मोहीमही केली, उपयोग झाला नाही. आम्हालाही याची हळहळ आहे, कारण खरी गोष्ट नंतरच रंगते. १९३४ मध्ये संग्रहालय ‘नॉर्थ ऑफ इंग्लंड झूलॉजिकल सोसायटी’ या संस्थेखाली आले, युद्धाची वर्षे आली, सिंहांचा आवार आणि चिंपांझींची बेटे उभी राहिली. जॉर्ज १९७८ मध्ये गेले. धाकटी ज्यून संग्रहालयातच वाढली आणि तिच्या आठवणींचे पुस्तक मालिकेच्याच वर्षी निघाले. हे सगळे अजून पडद्यावर यायचे आहे.

मालिका पाहून एखाद्या प्राणिसंग्रहालयात जाणार आहोत. चांगले कोणते आणि वाईट कोणते, कसे ओळखायचे?

एकाच आवारासमोर निदान वीस मिनिटे थांबा. अस्वल त्याच वाटेने, त्याच वळणावर मान झटकत पुन्हा पुन्हा फिरत असेल तर जागा कितीही मोठी असली तरी काहीतरी कमी आहे. प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर हेच सांगत: जागेच्या आकारापेक्षा तिच्यात काय आहे हे महत्त्वाचे, आणि माणसाने किती जवळ यावे हे प्राण्याला ठरवता आले पाहिजे. मग लपायला जागा शोधा. प्राणी दिसत नाही म्हणून निराश होऊ नका, न दिसण्याची सोय असणे हे चांगलेच लक्षण. खाणे एकाच ताटलीत आहे की झाडावर, ओंडक्याच्या भोकात, गवतात विखुरलेले आहे ते बघा. दिवसाचे अन्न चार-पाच ठिकाणी दडवले की अस्वलाचे कित्येक तास शोधण्यात जातात. सावली दुपारी कुठे पडते आणि पाण्याच्या भांड्याला शेवाळ आहे का, तेही पाहा. शेवटी मागच्या बाजूला नजर टाका. सरकत्या दरवाजाची खाच स्वच्छ, वंगण घातलेली असेल तर तिथले कीपर आपले काम जाणतात. गंजलेली, मातीने भरलेली असेल तर तो दरवाजा एखाद्या दिवशी अर्ध्यात अडकणार आहे.