कृत्रिम पायांसाठीच्या चॅरिटी ट्रेकला २५०० रुपये भरून जावं का?

तुम्ही विचारलंय की कळसूबाईला एक चॅरिटी ट्रेक आहे, फी २५०० रुपये, त्यातून पाय गमावलेल्या लोकांना जयपूर फूट देणार आहेत, तर जावं की तेवढेच पैसे सरळ संस्थेला द्यावेत. सरळ द्या. झालं उत्तर. पण इथे बाकीच्यांनी "त्यानिमित्ताने जागृती होते", "तेवढाच व्यायाम" वगैरे लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही, कारण असला ट्रेक मी स्वतः काढलाय, २०१६ च्या डिसेंबरात, त्याच कळसूबाईला, आणि त्यावरून ज्याच्याशी माझं वाजलं तो आजही लग्नाकार्यात भेटला तर "काय, कसं काय" याच्या पुढे आमची गाडी जात नाही.

माझा चुलतभाऊ, घरात थोरला म्हणून आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. २०११ च्या गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली त्याचा उजवा पाय गेला, गुडघ्याखाली. गुडघा वाचला हे नशीब, कारण वरून गेला असता तर सगळं गणितच वेगळं. पुढच्या वर्षी एका शिबिरात त्याला जयपूर फूट बसवला, फुकट, मी सोबत होतो. स्टंपवर, म्हणजे पायाचा जो तुकडा उरलाय त्यावर, मोजा चढवून प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळतात, साचा निघाला की त्यात परत प्लास्टर ओततात, आणि मग एचडीपीईचा पाइप, आपला पाण्याच्या लाइनीला असतो तोच प्रकार, भट्टीत मऊ होईपर्यंत तापवून त्या प्लास्टरच्या पायावर ओढतात. दोन माणसं हातमोजे घालून असली घाई करत होती की दादा म्हणाला, "हे तर आपल्या ठिबकवाल्यासारखंच चाललंय रे." खाली रबरी पाऊल. संध्याकाळी गडी चालत मांडवाबाहेर आला, काकू रडली, मीही रडलो, उगाच कशाला खोटं सांगू.

त्यामुळे जयपूर फूटला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. परदेशी पद्धतीचं जुनं पाऊल बुटाशिवाय चालायचं नाही आणि उकिडवं बसू द्यायचं नाही. साठच्या दशकाच्या शेवटी जयपूरच्या सवाई मानसिंग हॉस्पिटलमध्ये रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने आणि डॉ. सेठींनी मिळून हे पाऊल बनवलं ते आपल्याकडची माणसं कशी बसतात ते बघून. (सेठींना १९८१ ला मॅगसेसे मिळालं, शर्मांचं नाव लोकांना विचारून बघा, किती जण सांगतात.) १९७५ ला डी. आर. मेहतांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली, ती आजही पायाचे पैसे घेत नाही. दादा त्या पायावर अनवाणी वाफ्यात पाणी भरतो आणि एकादशीला मांडी घालून भजनाला बसतो, हे दुसऱ्या कुठल्या पायाने झालं नसतं.

तर ट्रेक. दर रविवारी डोंगर चढणारा आमचा चार जणांचा ग्रुप, त्यातला एक पुढारी टाइप, त्याला इथे लीडर म्हणतो. आयडिया माझी होती पण बॅनरवर फोटो त्याचा. फी ९०० रुपये, ४६ जण आले, म्हणजे ४१,४०० जमले, आणि आम्हाला वाटलं आपण जग बदलतोय. दोन मिनीबसचे १४,०००. पोहे, चहा आणि खाली पायथ्याच्या बारी गावात उतरल्यावर पिठलं-भाकरी, ६,९००. टी-शर्ट १८० चा एक, म्हणजे ८,२८०. मेडल आणि बॅनर ३,०००. ड्रोनवाला ३,५००. करा बेरीज. हातात उरले ५,७२०. ४६ माणसं, एवढा गाजावाजा, आणि ५,७२०. शेवटी लाज वाटून आम्ही चौघांनी खिशातले घालून ११,००० चा आकडा केला आणि पुठ्ठ्याचा तो तीन फुटी चेक घेऊन फोटो काढला. तो पुठ्ठा नंतर दादाने मागून नेला, कोंबड्यांच्या खुराड्याला आडोसा म्हणून.

दादाला आम्ही झेंडा दाखवायला आणलं होतं. शाल, नारळ, मेडल सगळं दिलं, भाषण केलं, त्यात लीडरने अरुणिमा सिन्हाचं उदाहरण दिलंच, कृत्रिम पायाने २०१३ ला एव्हरेस्ट चढली वगैरे. तिचं कर्तृत्व मोठंच आहे, पण पाय नसलेला माणूस दिसला की प्रत्येक वेळी त्याच्या डोक्यात एव्हरेस्ट का मारायचं? त्याला दूध घालायला डेअरीपर्यंत जायचं असतं. असो. भाषण झाल्यावर दादा म्हणाला मी पण येतो वर. लीडर म्हणाला, दादा, रिस्क नको, तुम्ही खाली थांबा, उतरल्यावर ग्रुप फोटोला लागाल.

मी सगळ्यात मागे असायचो, राहिलेल्यांना हाकायला. पहिली शिडी लागायच्या जरा आधी पाणी प्यायला थांबलो आणि खाली वळून बघितलं तर रेलिंगला धरून दादा येतोय. एकटा. ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं, त्याच्या तोंडाकडे बघूनच. तो माझ्याजवळ येऊन दगडावर बसला, पँट वर केली आणि पाय काढला.

घोट्याच्या वर पाइपला बोटभर चीर. चिरेत एमसील भरलेलं आणि वरून काळी इलेक्ट्रिकची टेप, सहा-सात वेढे. सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो तो वरचा भाग, इतकं सैल की माझी दोन बोटं आरामात गेली असती, कारण स्टंप वर्षागणिक बारीक होत जातो, तो सैलपणा भरायला मोजे चढवत जायचे असतात, आणि दादाकडे शिबिरातले मूळचे दोनच मोजे उरलेले, तेही टाचेला फाटलेल्या सॉक्ससारखे. तिसरा मोजा म्हणून त्याने काय केलेलं, आम्ही सकाळी दिलेल्या टी-शर्टची बाही कापून चढवलेली. ड्राय-फिट. घामाने ती सरकली आणि नडगीच्या हाडाच्या टोकावर रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता. बाहीवर आमचं घोषवाक्य छापलेलं, "एक पाऊल त्यांच्यासाठी", त्यातलं "पाऊल" रक्ताने ओलं.

"टी-शर्ट तरी सुती काढायचे रे," एवढंच म्हणाला.

मी हसलो, आणि मग हसायला येईना. विचारलं, चीर कधी पडली? म्हणाला, भाद्रपदात. म्हणजे तीन महिने, मधे दिवाळीत मी त्याच्या शेजारी बसून फराळ केलेला. बोलला का नाहीस? तर म्हणतो, "तुम्ही पायाचंच काहीतरी करताय असं कळलं, म्हटलं बघू, होईल त्यात."

त्याला खांद्याचा आधार देत खाली आणला, त्या दिवशी मी शिखर बघितलंच नाही. संध्याकाळी हिशोबाला बसलो तेव्हा मी म्हटलं, हे ११,००० संस्थेला पाठवूच नका, दादाच्या ओळखीत तालुक्यातले सहा-सात जण आहेत ज्यांचे पाय खुंटीला टांगलेले आहेत, कोणाचं सॉकेट सैल, कोणाचं पाऊल शेतात झिजून बोटांपाशी फाटलेलं, एक गाडी करू, सगळ्यांना एकदम दुरुस्तीला घेऊन जाऊ, डझनभर मोजे घेऊ. तर लीडर म्हणाला, दुरुस्तीला स्पॉन्सर मिळत नाही, नवीन पाय दिला की फोटो येतो. आणि वर, "तुझा भाऊ आहे म्हणून तू बोलतोयस." हो, भाऊ आहे म्हणूनच दिसलं! परका असता तर मीही शाल घालून मोकळा झालो असतो, तुझ्यासारखाच. हे मला त्या दिवशी सुचलं नाही, आत्ता लिहितोय. पैसे गेले संस्थेलाच, तिथे ते वाया गेले नसणार, पण दादाचं नवीन सॉकेट शेवटी मी आणि काकाने पुण्याला नेऊन पदरचे पैसे भरून करून घेतलं.

तुमच्या २५०० वर येतो. आयोजकाला फोन करून एवढंच विचारा की माणशी खर्च जाऊन पायासाठी किती उरतात, आणि ८०जी ची पावती (देणगीवर आयकरात सूट मिळायला लागते ती) पूर्ण २५०० ची देणार का. तो "नाही सर, ती पार्टिसिपेशन फी आहे" म्हणाला तर समजून जा की तुम्ही सहलीचं तिकीट काढताय. आणि वर्षभराने सॉकेट सैल झालं की ते कोण बघणार, हेही विचारा, बहुतेक तिथे शांतता पसरेल. लहान मुलांचं तर जवळपास दरवर्षी बदलावं लागतं, पोरं वाढतात. जयपूरला पाय फुकट मिळतो हे खरंय, पण अकोल्याच्या (आमच्या नगरकडच्या अकोले तालुक्याचं म्हणतोय, विदर्भातलं नाही) आडगावातून जयपूरला जायचं म्हणजे दोन माणसांचं तिकीट, चार-पाच दिवसांची बुडालेली मजुरी आणि घरी म्हशीला कोण बघणार.

माझा आतेभाऊ इंग्लंडात लीड्सला असतो, तो तिकडे यॉर्कशायर थ्री पीक्स चालला होता असल्याच कशासाठी तरी, तीन डोंगर, चोवीस मैल, बारा तासांच्या आत. पण त्यांची पद्धत अशी की चालणारा आपला खर्च आपण करतो आणि ओळखीतले लोक त्याच्या चालण्यावर पैसे लावतात, ते सगळे वेगळ्या खात्यात. आपल्याकडे चालणाराच फी भरतो आणि त्यातच त्याचे पोहे निघतात, मग पायाला काय उरणार.

आता हे सगळं मी एका ट्रेकवरून बोलतोय, त्यालाही बरीच वर्षं झाली, तुमचा आयोजक सज्जन असू शकतो आणि बस-जेवणाचा खर्च कोणी देणगीदार उचलत असेल तर २५०० च्या २५०० पोचतीलही. मी डॉक्टर नाही, सॉकेटबद्दल जे लिहिलं ते दादाबरोबर फिरून कळलेलं.

आणि जाणारच असाल तर डिसेंबरातला रविवार टाळा, शिड्यांवर दादरच्या जिन्यासारखी गर्दी असते. टी-शर्ट नको म्हणून आधीच सांगा, तेवढे पैसे निधीत टाका म्हणावं. ऐकत नसतील तर सुती मागा.