सासरे लेकीला ओळखतात, मला 'कोण ही बाई' म्हणतात. आठ वर्षं त्यांचं सगळं मीच केलं. सून म्हणून कुठे कमी पडले?

ताई, कमी कुठेच पडला नाहीत. या आजारात विसरण्याचा क्रमच तसा असतो. स्मृतिभ्रंशाचं सगळ्यात मोठं कारण अल्झायमर, आणि त्यात मेंदूचा नव्या आठवणी साठवणारा भाग आधी खराब होतो. म्हणून अलीकडचं आधी जातं, जुनं मागाहून. नणंदबाई त्यांच्या तरुणपणी जन्मल्या, तुम्ही उतारवयात घरात आलात. मग आधी कोण पुसलं जाणार?

आमचे मामंजी यवतमाळ जिल्ह्यातले कोरडवाहू कास्तकार. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. सरकी टोबण्यापासून सगळं वावरातलं काम मला मामंजींनीच शिकवलं. तेच एक दिवस म्हणाले, "कोनाची वं तू? सांज झाली, घरी जाय, माय वाट पाहत असन." पुढे ते मला त्यांची धाकटी बहीण समजू लागले. ती केव्हाच वारलेली. खरं सांगितलं की ते नव्यानं रडायचे, म्हणून मी बहीणच झाले.

दिवस बुडायला लागला की बैल बांधायला उठायचे. बैल तर कधीचेच विकलेले. नवरा तेच समजावत बसायचा आणि बापलेकाचं वाजायचं. मी म्हणायची, सालदारानं बांधले.
"ढेप देल्ली का?"
"देल्ली."
मग बाजेवर टेकायचे. संध्याकाळची ही घालमेल या आजारात पुष्कळांना होते. अंधार पडायच्या आत लाइट लावला, घरातला गलका कमी केला, की आमच्याकडे जरा फरक पडायचा.

गावात कोणी म्हातारचळ म्हणालं, कोणी लिंबू उतरवायला सांगितलं. पण मामंजी धुऱ्यानं भरकटलेले दिसले की त्याच लोकांनी हाताला धरून घरी आणून सोडलं. हे गावातच होऊ जाणे.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. तेरवीला आलेले लोक नवऱ्याचं सांत्वन करत होते आणि मला म्हणत होते, "सुटली बाई तू." अजूनही ते ऐकू आलं की डोकं फिरतं. तुम्हालाही कोणीतरी म्हणेलच. सासरे जिवंत असतानाच तुम्हाला पूर्वीच्या त्यांची आठवण येत असेल, तर त्यात वावगं काही नाही.

डॉक्टरांनी व्हिटॅमिन बी-१२ आणि थायरॉइड तपासलं नसेल तर आधी ते करून घ्या. त्यांच्या गडबडीनंही विसरायला होतं, आणि ते औषधानं सुधारू शकतं. जेवताना ठसका लागू लागला तर तेही लगेच सांगा. पुढे पुढे गिळणं बिघडतं, घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. मामंजी त्यातच गेले. ताठ बसवून भरवा, लहान लहान घास द्या, आणि झोपल्या झोपल्या पाणीसुद्धा पाजू नका. तुमचंच मन भरून आलं तर मन मोकळं करायला टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.