वाचक विचारतात : अंतोन रुबिनस्टाइन नेमका कुणाचा?

गेल्या अंकात रशियातल्या पियानोवादनावर लिहिताना मी अंतोन रुबिनस्टाइनला दोनच ओळी दिल्या होत्या. ‘जन्मानं ज्यू असलेल्या या पियानिस्टनं रशियातलं पहिलं संगीत महाविद्यालय उभारलं’ एवढंच म्हटलं होतं. त्या दोन ओळींवरच सगळ्यात जास्त पत्रं आली. त्यांतल्या चार प्रश्नांना या वेळचं सदर देतो आहे. पियानो शिकवण्यात माझा जन्म गेला आणि या माणसाबद्दल मला मनापासून जिव्हाळा आहे, त्यामुळे उत्तरं थोडी लांबतील.

“दीड-दोन वर्षांचा असताना त्याचा बाप्तिस्मा झाला, असं वाचलं. मग ‘जन्मानं ज्यू’ ही ओळख त्याला आयुष्यभर का चिकटली?”

रुबिनस्टाइनचा जन्म नोव्हेंबर १८२९चा, नीस्तर नदीच्या बाजूच्या विख्वातिनेत्स या खेड्यातला. ज्यूंनी साम्राज्याच्या ज्या पश्चिम पट्ट्यातच राहायचं असा कायदा होता, त्याच पट्ट्यातलं हे गाव. १८२७मध्ये झार पहिला निकोलस यानं ज्यूंच्या मुलांनाही सक्तीच्या लष्करी भरतीत ओढलं. बारा वर्षांची पोरं उचलून नेली जात आणि सज्ञान झाल्यावर पुढं पंचवीस वर्षांची नोकरी. १८३१मध्ये अंतोनच्या आजोबांनी सगळ्या गोतावळ्याला बेर्दिचेवला जमवून ऑर्थडॉक्स ख्रिस्ती करून घेतलं. मग घर मॉस्कोला हललं, वडिलांनी पेन्सिलींचा कारखाना काढला आणि आईनं पोराला पियानोवर बसवलं. पुढं अलेक्झांडर व्हिलोइंग हे गुरू मिळाले आणि १८३९मध्ये, नवव्या वर्षी, मॉस्कोच्या पेत्रोव्स्की पार्कमध्ये अंतोनची पहिली जाहीर मैफल झाली. पॅरिसला गुरूबरोबर गेला, तिथं त्या काळचा सर्वांत गाजलेला पियानिस्ट लिस्ट यानं ऐकलं. बर्लिनला सिगफ्रीड डेनकडे रचनाशास्त्र शिकला. १८४६मध्ये वडील गेले आणि पोरगा व्हिएन्नात एकटा, शिकवण्या करत, अर्धपोटी राहिला.

मला सांगायचं आहे ते इथून पुढचं. १८४८च्या क्रांत्यांनी युरोप हादरला तेव्हा तो रशियात परतला. सीमेवर त्याची ट्रंक जप्त झाली. आत त्याच्या हस्तलिखित रचना होत्या. ही सुरावटीची चिन्हं म्हणजे क्रांतिकारकांची सांकेतिक लिपी असणार, असा नाक्यावरच्या अधिकाऱ्यांना संशय! शिवाय स्वतःचा पासपोर्ट नव्हता. पीटर्सबर्गच्या पोलीसप्रमुखानं त्याला एका कारकुनाकडे पाठवलं : याच्यासमोर काहीतरी वाजव, म्हणजे तू खरंच संगीतकार आहेस की नाही ते कळेल. युरोपभर गाजलेला बालकलाकार एका भिकार पियानोवर, पोलीस कचेरीच्या कारकुनापुढे, आपण कोण हे सिद्ध करत होता.

काही वर्षांनी याच प्रश्नानं त्याला देवळातही गाठलं. ही आठवण त्यानं स्वतःच सांगितली आहे. पीटर्सबर्गच्या कझान कॅथीड्रलमध्ये तो पापनिवेदनासाठी गेला. नोंदवहीत नाव लिहिणाऱ्यानं विचारलं, हुद्दा काय? कलाकार, तो म्हणाला. म्हणजे नाट्यगृहात नोकरी? नाही. कुठल्या संस्थेत शिक्षक? नाही. मग सरकारी चाकरीत? तेही नाही. दोघंही गप्प. शेवटी वडिलांचा धंदा विचारला आणि उत्तर मिळालं : दुसऱ्या श्रेणीचे व्यापारी. झालं, वहीत नोंद झाली, दुसऱ्या श्रेणीच्या व्यापाऱ्याचा मुलगा!

त्या काळच्या रशियात माणसाचे हक्क त्याच्या नोंदीवर ठरत. चित्रकाराला आणि शिल्पकाराला कला अकादमीची पदवी होती, नटाला शाही रंगभूमीची नोकरी होती. नुसत्या संगीतावर जगणाऱ्याला कायद्यात रकानाच नव्हता. आधी पोलीस कचेरी, मग चर्चची वही. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की १८६२मध्ये या माणसानं पीटर्सबर्गला कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे ते संगीत महाविद्यालय, का काढली ते मला आपोआप कळतं. तेव्हाचा झार दुसरा अलेक्झांडर याची काकू येलेना पावलोव्हना त्याच्या पाठीशी उभी राहिली. १८५९मध्ये रशियन म्युझिकल सोसायटी निघाली आणि तीनच वर्षांनी कॉन्झर्व्हेटरी. तिच्यातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्याला ‘मुक्त कलाकार’ असा अधिकृत दर्जा मिळू लागला. या दर्जाबरोबर डोईपट्टीतून सूट होती, लष्करी भरतीतून सूट होती. आणि ज्यू विद्यार्थ्यांसाठी तर तो दर्जा म्हणजे जगण्याची वाटच होती, कारण त्या कागदावर त्यांना बंदिस्त पट्ट्याबाहेर, मोठ्या शहरांत राहता येई. पुढच्या काळात तिथल्या लिओपोल्ड आउअरच्या वर्गातून मिशा एल्मन, याशा हायफेट्झसारखे व्हायोलिनवादक जगभर गेले.

आता मूळ प्रश्नाकडे. ही ओळख चिकटली, कारण विरोधकांनी ती चिकटवून ठेवली. कॉन्झर्व्हेटरीमुळे संगीत जर्मन वळणाचं होईल असा रचनाकार बालाकिरेव्ह आणि समीक्षक स्तासोव्ह यांच्या गोटाचा आक्षेप होता, आणि त्या वादात रुबिनस्टाइनचं रशियनपणच काढलं गेलं. त्या आक्षेपात संगीताची खरी काळजीही होती, हे मी नाकारत नाही. पण त्याच गोटातला रचनाकार रिम्स्की-कोर्साकोव्ह १८७१मध्ये तिथं प्राध्यापक झाला, आणि आज ती संस्था त्याच्याच नावानं ओळखली जाते.

रुबिनस्टाइनला स्वतःला काय वाटायचं, ते त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या टिपणांत आहे. ज्यू मला ख्रिस्ती म्हणतात, ख्रिस्ती मला ज्यू. रशियनांना मी जर्मन वाटतो, जर्मनांना रशियन. पियानिस्ट मला रचनाकार समजतात आणि रचनाकार पियानिस्ट. हे वाक्य गमतीदार म्हणून सगळीकडे सांगितलं जातं. मला त्यात थकवा ऐकू येतो. शेवटी तो स्वतःला बिचारा म्हणवून घेतो, तो भाग सांगणारे बहुतेक वेळा गाळतात.

आणि १८९१ विसरू नका. १८८७पासून तो पुन्हा कॉन्झर्व्हेटरीचा संचालक होता. प्रवेश आणि बक्षिसं निव्वळ गुणांवर न देता जमातवार प्रमाणात द्यावीत, असा दरबारचा आग्रह सुरू झाला. त्याचा फटका कुणाला बसणार हे उघड होतं. रुबिनस्टाइननं राजीनामा दिला आणि ड्रेस्डेनला निघून गेला. स्वतःच्या हातानं उभारलेली संस्था त्यानं एकसष्टाव्या वर्षी सोडली. माझ्या लेखी त्याच्या चरित्रातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

“चायकोव्हस्कीच्या पियानो कॉन्चेर्टोला ‘टाकाऊ’ म्हणणारा तो हाच का? आणि आर्थर रुबिनस्टाइन याचा कोण?”

तो हा नव्हे, त्याचा धाकटा भाऊ निकोलाय. त्यानं १८६६मध्ये मॉस्को कॉन्झर्व्हेटरी सुरू केली आणि १८७४च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी, तिथल्याच एका वर्गात, चायकोव्हस्कीचा पहिला कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) ऐकून त्याच्या चिंधड्या उडवल्या. चायकोव्हस्कीनं एकही स्वर बदलणार नाही असं बजावलं. पुढच्या वर्षी जर्मन पियानिस्ट हान्स फॉन ब्यूलोनं तो बोस्टनला पहिल्यांदा वाजवला. निकोलायचं मोठेपण असं, की नंतर मत बदलून त्यानं तोच कॉन्चेर्टो आवडीनं वाजवला. तो १८८१मध्ये गेला तेव्हा चायकोव्हस्कीनं त्याच्या स्मरणार्थ ए मायनरमधलं ट्रायो, म्हणजे तीन वाद्यांची रचना, लिहिलं.

अंतोन हा चायकोव्हस्कीचा पीटर्सबर्गमधला शिक्षक. १८६५मध्ये पदवी घेतलेल्या या विद्यार्थ्याच्या संगीताला त्यानं कधी मोकळी दाद दिली नाही आणि ती सल चायकोव्हस्कीच्या मनात शेवटपर्यंत राहिली. विसाव्या शतकातला पियानिस्ट आर्थर रुबिनस्टाइन पोलंडमधल्या वुच शहरातला, जन्म १८८७चा. नात्यानं कुणीच नाही.

“तो चुकीचे स्वर वाजवायचा म्हणतात. तरीही त्याला लिस्टच्या बरोबरीनं कसं मोजतात?”

चुका होत होत्या आणि त्या तो लपवत नसे. पण मैफलींचा आवाका बघा. १८८५-८६च्या हंगामात त्यानं ‘ऐतिहासिक मैफली’ केल्या. एकेका शहरात सात, आणि अशी शहरं पीटर्सबर्ग, मॉस्को, बर्लिन, व्हिएन्ना, लाइपझिग, पॅरिस, लंडन. पहिल्या मैफलीत बर्ड आणि कूपरँ या जुन्या रचनाकारांपासून मोत्सार्टपर्यंत, दुसऱ्या मैफलीत बीथोव्हेनचे आठ सोनाटा एका बैठकीत, मग शूमान, शोपँ, आणि शेवटी रशियन रचनाकार. मॉस्कोत संध्याकाळची मैफल दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थ्यांसाठी पुन्हा, तीही मोफत.

तिथं श्रोत्यांत बारा-तेरा वर्षांचा राखमानिनोव्ह होता, पुढं पियानिस्ट आणि रचनाकार म्हणून गाजलेला. त्याची एक आठवण मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. बालाकिरेव्हचं ‘इस्लामेय’ चालू असताना रुबिनस्टाइन विसरला. थांबला नाही. त्याच ढंगात मनानं रचत राहिला, चारेक मिनिटांनी मूळ वाटेवर आला आणि तुकडा व्यवस्थित संपवला. स्वतःवर चिडून पुढचा तुकडा त्यानं अगदी काटेकोर वाजवला. राखमानिनोव्हच्या मते मघाच्या त्या विसरण्यात जी जादू होती, ती या काटेकोरपणात उरली नाही. परीक्षेच्या धाकानं बोटं आखडलेल्या मुलांना हे ऐकवावंच लागतं.

त्याचं ध्वनिमुद्रित वादन मात्र एकही उरलेलं नाही. पेडल हा पियानोचा आत्मा आहे असं तो म्हणे आणि नेमकी तीच गोष्ट कागदावर उतरत नाही.

अमेरिकेबद्दलही काहींनी विचारलं आहे. १८७२-७३मध्ये स्टाइनवे कंपनीच्या पुढाकारानं व्हायोलिनवादक व्हिएन्याव्हस्कीबरोबर २३९ दिवसांत २१५ मैफली. दर मैफलीला २०० डॉलर, तेही सोन्यात, कारण तिथल्या नोटांवर त्याचा भरवसा नव्हता. या दौऱ्यानं त्याला आर्थिक स्थैर्य दिलं, पण अशा राबण्यात कलावंताचं यंत्र होतं, असंच त्यानं पुढं सांगितलं.

“रचनाकार म्हणून तो मागे का पडला? ऐकायचं तर कुठून सुरुवात करू?”

सहा सिंफनी, पाच पियानो कॉन्चेर्टो, डझनावर ऑपेरा. लिहिण्याचा वेग अफाट, लिहिलेलं परत तपासायला तो फारसा थांबत नसे. एखादं सुंदर सुरुवातीचं वळण येतं आणि मग पानं नुसती भरत जातात, असा अनुभव त्याच्या रचनांत वारंवार येतो. मला तो आवडतो म्हणून हे झाकून ठेवणार नाही.

सुरुवात १८५२च्या ‘मेलडी इन एफ’नं करा. वाजवत असाल तर बोटांकडे लक्ष द्या. गाणं पियानोच्या मध्यावर आहे आणि ते दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आलटून-पालटून गायचं आहे, बाकीची बोटं आजूबाजूला हलकी साथ करतात. उजव्या अंगठ्याकडून डाव्याकडे जाताना सूर तुटू द्यायचा नाही. माझे विद्यार्थी पहिल्या आठवड्यात इथं रडकुंडीला येतात, कारण अंगठा हे सगळ्यात जड बोट आणि त्यालाच सगळ्यात नाजूक काम.

मग डी मायनरमधला चौथा कॉन्चेर्टो ऐका. तो योझेफ हॉफमनच्या हातचा मिळवा. ड्रेस्डेनच्या शेवटच्या वर्षांत रुबिनस्टाइननं खासगीत शिकवलेला हा शिष्य. १९३७मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात, फ्रिट्झ राइनरच्या संचालनाखाली त्यानं तो वाजवला, आणि ती मैफल ध्वनिमुद्रित झालेली आहे. आवाज जुना, थोडा खरखरीत आहे. तरी पहिल्या भागात वाद्यवृंदानंतर पियानो कसा झेपावतो ते दोनदा ऐका. त्यानंतर ‘द डीमन’ या ऑपेरातली डीमनची गाणी ऐका. १८७५मध्ये पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की थिएटरात तो पहिल्यांदा रंगमंचावर आला आणि रशियात आजही अधूनमधून होतो. सिंफनींपैकी दुसरी, ‘ओशन’ नावाची, सवडीनं ऐकली तरी चालेल.