दीर्घिका पळत नाहीत

प्रश्न असा आहे : ‘आकाशगंगांची अंतरं मोजून विश्वाच्या प्रसरणाचा वेग सेकंदाला ७३ किलोमीटर असल्याचं आढळलं’ अशी बातमी वाचली. इथे ‘वेग’ बरोबर की ‘दर’?

दर. वेग एखाद्या वस्तूचा असतो, आणि इथे तर तो अंतरागणिक बदलतो. एक मेगापार्सेक, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं, एवढं अंतर वाढलं की दूर जाण्याचा वेग सेकंदाला ७३ किलोमीटरनं वाढतो. १० मेगापार्सेकवर ७३०, १०० वर ७,३००. ‘दर मेगापार्सेकला’ हे शब्द गाळणं म्हणजे दरडोईतली डोई उडवून आकडा सांगणं. (आकडा ७३ की ६७, हे भांडण खगोलज्ञांचं. ते त्यांनाच लखलाभ.)

मला खरी ठेच लागली ती ‘आकाशगंगांची’ इथे. आकाशगंगा हे विशेषनाम आहे, आपण राहतो त्या एकाच दीर्घिकेचं, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहाचं (इंग्रजीत गॅलक्सी). त्याचं अनेकवचन कसलं करता? १९२३ साली खगोलज्ञ एडविन हबलनं देवयानी (अँड्रोमेडा) या दीर्घिकेच्या प्रकाशचित्राच्या काचेवर एका ताऱ्याशेजारी आधी नवताऱ्याचा (नोव्हाचा) ‘एन’ लिहिला, मग तो खोडून ‘व्हार!’ (व्हेरिएबल) लिहिलं, कारण तो तारा सेफीड जातीचा रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणारा, निघाला. असा तारा किती दिवसांनी उजळतो-मंदावतो यावरून त्याची खरी तेजस्विता कळते, आणि तेजस्वितेवरून अंतर. देवयानी आकाशगंगेच्या फार पलीकडे आहे हे त्यातूनच ठरलं. म्हणजे जी आकाशगंगेत नाही हे सिद्ध करायला एवढा खटाटोप झाला, तिलाच आपण पुन्हा आकाशगंगा म्हणायचं!

‘दीर्घिका’वर काही कोशप्रिय मंडळी नाक मुरडतात : दीर्घिका म्हणजे लांबट विहीर, मग ‘सर्पिल’, म्हणजे चक्राकार वळणांची, दीर्घिका कशी? या हिशेबानं चिखलातल्या बेडकालाही पंकज म्हणावं लागेल. शिवाय यांनी अमरकोशात ‘वापी तु दीर्घिका’ एवढंच वाचून कोश मिटलेला दिसतो. त्याच कोशात स्वर्गातल्या गंगेची नावं आहेत : ‘मन्दाकिनी वियद्गङ्गा स्वर्णदी सुरदीर्घिका’. सुरदीर्घिका, देवांची पुष्करिणी! हिंदीवाल्यांनी या ओळीतला पहिला शब्द उचलला आणि ते मंदाकिनी म्हणू लागले. आपण शेवटचा घेतला, देवांना वगळून. शब्द घडवणाऱ्याच्या कानात हीच ओळ घुमत होती, असं माझं ठाम मत आहे.

आणि निवड आपलीच सरस. मंदाकिनी, गंगा या वाहत्या. दीर्घिका जागच्या जागी साठलेली. कालिदासाच्या रघुवंशाच्या १६व्या सर्गात ओस पडलेल्या अयोध्येत रानरेडे शिंगं आपटतात ते दीर्घिकांच्याच पाण्यावर. शिंगं लागली तरच हलणारं पाणी ते. विश्वप्रसरणात नेमकं हेच आहे. दीर्घिकांची आपापली थोडी हालचाल असते, देवयानी तर आपल्याच दिशेनं येते आहे. पण एरवी त्या अवकाशातून धावत सुटलेल्या नाहीत, मधलं अवकाशच ताणलं जातं. ‘दूर पळणाऱ्या आकाशगंगा’ लिहिणारा एका दमात दोन चुका करतो.

तेव्हा बातमीत ‘दर’ दुरुस्त करून ‘आकाशगंगांची’ तशीच ठेवणार असाल, तर राहू द्या तुमचा वेग.